दिवाळी अंकाची मुदत तोंडावर असताना लेखन थांबवावे का?

भोंगा (धागाकर्ता)

एका दिवाळी अंकासाठी गिरणगावातील खाणावळींवर दीर्घलेख लिहिण्याचे मी उन्हाळ्यातच कबूल केले होते. विषय माझ्या जवळचा आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेले, बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे गिरणी कामगार आणि तिन्ही पाळ्यांच्या वेळा सांभाळून त्यांना जेवू घालणाऱ्या बायका, हे सगळे मी लहानपणी लालबागेत पाहिलेले आहे. मुलाखती झाल्या आहेत, जुनी कात्रणे जमली आहेत, टिपणवह्या भरल्या आहेत आणि लेखाचा पूर्वार्ध लिहूनही झाला आहे. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात मजकूर संपादकांच्या हाती पडायला हवा, असे ठरले आहे.

अडचण उत्तरार्धाची आहे. रोज सकाळी बसतो, काल लिहिलेले दोन परिच्छेद वाचतो, ते एखाद्या सरकारी अहवालातले वाटतात म्हणून खोडतो आणि थोड्या वेळाने जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा लिहितो. माहिती कमी पडते आहे असे नाही. उलट ती इतकी आहे की कोणता प्रसंग कुठे ठेवावा हे सुचेनासे झाले आहे. तीन-चार दिवस लेखाकडे अजिबात पाहायचे नाही असे मनात येते, परंतु तारीख इतकी जवळ आली असताना असे करणे हा शहाणपणा आहे की पळवाट, याचा निर्णय होत नाही. ज्यांनी मुदतीवर लेखन केले आहे किंवा लेखकांकडून करवून घेतले आहे, त्यांनी कृपया तीन गोष्टींवर मत द्यावे: अशा वेळी थांबण्याचा खरोखर उपयोग होतो का, थांबायचे तर त्या काळात काय करावे, आणि संपादकांना हे सांगावे की नाही.

फर्मा

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मला पक्के ठाऊक आहे. मी एका लहान दिवाळी अंकाच्या संपादनात बरीच वर्षे आहे. संपादकांना सांगा, आणि आजच सांगा.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत ही परंपरा चालू आहे, आणि उशिरा येणाऱ्या मजकुराची परंपराही बहुधा तेवढीच जुनी असावी. परंतु लेखकाला जी एक तारीख दिसते, तिच्या मागे बरीच कामे ओळीने उभी असतात. मजकूर वाचायचा, शंका विचारायच्या, युनिकोडमधला मजकूर छपाईच्या टंकात नेताना मोडलेली जोडाक्षरे दुरुस्त करायची, मुद्रितशोधन करायचे, चित्रकाराला लेख वाचायला द्यायचा, पाने लावायची, ऐनवेळी आलेल्या जाहिरातींसाठी ती पुन्हा हलवायची आणि मग फर्मे छपाईला सोडायचे. त्या दिवसांत प्रत्येक छापखान्यात आणि बांधणीवाल्याकडे अंकांचीच रांग असते. आपला क्रमांक एकदा चुकला की अंक दिवाळीनंतर स्टॉलवर येतो, आणि दिवाळीनंतरच्या दिवाळी अंकाला कोणी विचारत नाही.

असे असले तरी सगळी पाने एकाच वेळी छपाईला जात नाहीत. अंक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी छापला जातो, त्यामुळे कथा-कवितांचे फर्मे आधी सोडून दीर्घलेखांचा फर्मा शेवटी ठेवणे पुष्कळदा शक्य असते. मात्र हे वेळेवर कळले तरच. दहा-बारा पानांचा लेख शेवटच्या दिवशी आला नाही, तर तेवढ्या पानांत दुसरे काय घालायचे हा प्रश्न संपादकाला रात्रभर जागवतो. लेखकाचा फोन बंद असणे आणि लेख अर्धा असणे यांत आम्हाला पहिल्याची भीती अधिक वाटते. तुमचा पूर्वार्ध तयार आहे, तो पाठवून द्या. त्यावर शोधन सुरू होईल, चित्रकाराला काम मिळेल आणि उत्तरार्धासाठी तुम्हाला मोकळे दिवस मागता येतील. अंदाजे किती शब्द येणार, एवढे तेवढे नक्की कळवा.

वेताळटेकडी

पहिल्या प्रश्नावर थोडे लिहितो, कारण मानसशास्त्र हा माझा अध्यापनाचा विषय आहे.

सर्जनशील विचाराचे चार टप्पे ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली मांडले: तयारी, मुरण्याचा काळ, अचानक सुचणे आणि पडताळणी. त्यांतील दुसरा टप्पा म्हणजे तुम्ही विचारता ती विश्रांती. आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाची हकीकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. एका प्रश्नावर त्यांचे काम चालू असताना ते भूशास्त्रीय सहलीला गेले, प्रवासाच्या धांदलीत गणित विसरले, आणि कुतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी त्यांना एक महत्त्वाचा संबंध उमगला. या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. त्यापूर्वी पंधरा दिवस ते त्या प्रश्नाशी रोज झगडत होते, आणि परतल्यावर त्यांनी पडताळणी करून सर्व काही पद्धतशीर लिहून काढले. मनाच्या आडचे काम फलदायी व्हायचे असेल तर त्याच्या आधी आणि नंतर जाणीवपूर्वक केलेले काम असावेच लागते, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

पुढे या विषयावर पुष्कळ प्रयोग झाले. सिओ आणि ऑर्मरॉड यांनी २००९ साली शंभरांहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा असे दिसले की, मध्ये थांबण्याचा फायदा होतो, परंतु तो सर्वत्र सारखा नसतो. आधीची तयारी दीर्घ असेल तर फायदा अधिक होतो. अनेक दिशांनी कल्पना सुचवायच्या असतील तिथे तो ठळक दिसतो. शब्दांशी संबंधित कोड्यांमध्ये तर नुसते स्वस्थ बसण्यापेक्षा फारसा विचार करावा न लागणारे हलके काम मध्ये केल्याने परिणाम अधिक चांगला आला. असे का होते यावर मतभेद आहेत. एक स्पष्टीकरण मला तुमच्या बाबतीत लागू पडेल असे वाटते: आपण एकाच चुकीच्या वाटेला चिकटून बसतो, थांबल्यामुळे ती वाट थोडी विसरली जाते आणि दुसरी दिसू लागते. तुम्ही खोडलेला परिच्छेद ‘जवळजवळ त्याच शब्दांत’ पुन्हा लिहिता, असे तुम्हीच म्हटले आहे. हे चिकटण्याचे अगदी नमुनेदार लक्षण आहे.

चालण्याबद्दलही एक नेमका अभ्यास आहे. स्टॅनफर्डमध्ये ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी २०१४ साली केलेल्या प्रयोगांत, बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास अधिक कल्पना सुचल्या, आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालणाऱ्यांनाही हा फायदा मिळाला. मात्र एकच अचूक उत्तर शोधायच्या कोड्यात चालण्याने मदत झाली नाही. म्हणजे लेखाची रचना सुचायची असेल तर टेकडी चढावी; सनावळ्या तपासायच्या असतील तर टेबलापाशीच बसावे.

रोजचा भाग

मी दूरचित्रवाणी मालिकांचे संवाद लिहिते, त्यामुळे तीन-चार दिवसांची विश्रांती हा शब्दप्रयोग मला जरा दुसऱ्या ग्रहावरचा वाटतो. आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. गुरुवारी टीआरपी आला की आठवड्याचा ट्रॅक बदलू शकतो, आणि उद्याच्या चित्रीकरणाचे संवाद आज रात्री पोहोचवावे लागतात. गणपतीत सुट्टी हवी असेल तर त्याआधी भागांची बँक करून ठेवावी लागते, म्हणजे सुट्टीची किंमत दुप्पट कामाने आधीच मोजायची. अशा धबडग्यात मी शिकलेली गोष्ट अशी की, थांबता येत नसेल तेव्हा लिहिण्याची रीत बदलावी. स्क्रीनवर अडले की मी वहीत लिहिते, वहीत अडले की खोलीत फिरत मोठ्याने बोलते आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करते. बोलताना सरकारी अहवालाची भाषा तोंडात येतच नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण दस्तयेवस्की यांचे आहे. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढील नऊ वर्षांच्या लेखनाचे हक्क विनामोबदला प्रकाशकाकडे जातील असा करार त्यांनी करून ठेवला होता, आणि ऑक्टोबर उजाडला तरी हातात काहीच नव्हते. त्यांनी मासिकातून क्रमशः चाललेली मोठी कादंबरी बाजूला ठेवली, लघुलेखन जाणणाऱ्या अन्ना स्नित्किना यांना नेमले आणि २६ दिवसांत नवी कादंबरी तोंडी सांगून पूर्ण केली. प्रकाशक मुद्दाम शहराबाहेर निघून गेल्यामुळे हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्यावी लागली. या माणसाला टेकडीवर जायला सवड नव्हती. पण लेखणीऐवजी जिभेने लिहिणे आणि समोर ऐकणारे माणूस असणे, हा बदल त्याला मिळाला होता.

अवांतर: पुढे त्याच अन्नाबाईंशी त्यांचा विवाह झाला. दिवाळी अंकाच्या लेखकांनी एवढी अपेक्षा ठेवू नये.

अपुरे प्रकरण

लेखनाच्या मुदतीचा ताण मराठीला नवा नाही, म्हणून दोन जुनी उदाहरणे देतो. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि आपल्या कादंबऱ्या त्या साप्ताहिकातून क्रमशः दिल्या. दर आठवड्याला पुढचे प्रकरण द्यायचेच, मागे जाऊन काही बदलायचे नाही, शिवाय अंकाचे संपादनही स्वतःच पाहायचे. मराठी सामाजिक कादंबरी या रेट्यातून उभी राहिली हे खरे आहे. पण त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या आणि ज्या पूर्ण झाल्या त्यांतही पाल्हाळ पुष्कळ आहे, हेही तितकेच खरे आहे. आठवड्याच्या मुदतीने त्यांच्याकडून लिहवून घेतले. काटछाट करण्याइतके अंतर मात्र तिने कधी दिले नाही.

दुसरे उदाहरण लोकमान्यांचे. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत लिहून झाले, याचे कौतुक करताना एकांताचा महिमा सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु गीतेचा विचार त्यांच्या मनात त्यापूर्वी कित्येक वर्षे चालू होता आणि त्यावर त्यांनी व्याख्यानेही दिली होती. राजकारण आणि वृत्तपत्र यांच्या रगाड्यात मुरत राहिलेला विषय सक्तीच्या निवांतपणात कागदावर उतरला. म्हणून धागाकर्त्यांना माझा प्रश्न असा आहे की, त्यांचा विषय मुरला आहे का? मुरला असेल तर चार दिवस पुरेत. मुरायचाच असेल तर चार दिवसांनी काही साधणार नाही, आणि त्यापेक्षा लेखाचा आवाका कमी करणे बरे.

दोन पाळ्या

वरचे प्रतिसाद वाचून थोडे कडवट लिहिणार आहे, त्याबद्दल राग मानू नये.

‘हलके, फारसा विचार करावा न लागणारे काम’ केल्याने लेखन सुचते, असे वेताळटेकडी यांनी अभ्यासाच्या आधाराने सांगितले. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, भांडी विसळणे ही सगळी अशीच कामे आहेत आणि ती मी नोकरीवरून आल्यावर रोज करते. त्या हिशेबाने एव्हाना माझ्या हातून चार-पाच कादंबऱ्या व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत, कारण मेथी निवडताना मनात एक वाक्य जुळू लागते न लागते तोच दारावर कुरिअरवाला येतो, मुलाला चौकोनी वही हवी असते, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ झालेली असते. हात मोकळे असून भागत नाही, कान मोकळे लागतात. गणपतीचे म्हणाल, तर त्या दिवसांत आमच्या घरी पाहुण्यांची पंगत उठते आणि दुसरी बसते. तिला सुट्टी म्हणणारे लोक बहुतेक पंगतीत बसलेले असतात.

त्यामुळे धागाकर्त्यांनी थांबावे की नाही यापेक्षा, त्यांना अखंड वेळ कोण देणार आहे याचा विचार आधी करावा असे मला वाटते. चार दिवस लेख बाजूला ठेवायचा आणि त्या चार दिवसांत घरातली सगळी तुंबलेली कामे उरकायची, असे झाले तर ते दुसऱ्या कामाचे दिवस होतील. मी स्वतः लेख अडला की पहाटे उठून तासभर गच्चीवर जाते. लिहीत नाही, वाचत नाही, फोन खालीच ठेवते. तो तास मिळवण्यासाठी मला घरात रीतसर भांडावे लागले आणि तसे ते भांडावेच लागते.

आणि विषय खाणावळींचा आहे म्हणून विचारते: ज्या बाईच्या चुलीवर तिन्ही पाळ्यांची माणसे जेवत होती, तिची विश्रांती कधी असे, हे मुलाखतींत कोणी विचारले का?

वेताळटेकडी

दोन पाळ्या यांचा आक्षेप योग्य आहे आणि त्याला अभ्यासाचाही आधार आहे. तेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कंपन्यांतील १७७ कर्मचाऱ्यांच्या रोजच्या नोंदी अभ्यासून २००२ साली जे लिहिले त्याचा आशय असा: वेळेचा ताण जितका अधिक, तितकी त्या दिवशी नव्या विचाराची शक्यता कमी, आणि तो परिणाम पुढच्या एक-दोन दिवसांवरही रेंगाळतो. अपवाद अशा लोकांचा होता, ज्यांना ताण असूनही एकाच कामावर लक्ष ठेवू दिले जात होते, मध्येच तोडले जात नव्हते, आणि ते काम खरोखर निकडीचे आहे असे ज्यांना पटलेले होते. म्हणजे मुदत ही एकटीच घातक ठरत नाही. मुदत अधिक तुकडे-तुकडे झालेला दिवस, हा मेळ घातक ठरतो.

याच संदर्भात फोनविषयी सांगतो. लेख बाजूला ठेवून माणूस जर दिवसभर बातम्या, चित्रफिती आणि संदेश पाहत बसला, तर डोके हलक्या कामात नसते, ते दुसऱ्यांच्या शब्दांनी आणि चित्रांनी भरत असते. लिहिणाऱ्याला शब्दांपासून सुट्टी हवी असेल तर भांडी घासणे फोनपेक्षा बरे, अर्थात कोणी हाका मारणार नसेल तर.

प्रबंधग्रस्त

सगळे जण थांबण्याच्या बाजूने झुकत आहेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मी पीएचडीचा प्रबंध लिहितो आहे आणि आमच्या विभागात थांबलेल्या लोकांची मोठी परंपरा आहे. काही जण इतके थांबले की त्यांची नोंदणीच रद्द झाली.

रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने अडलेल्या प्राध्यापकांवर दीर्घकाळ काम केले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका प्रयोगात एका गटाला निकडीचे नसलेले सर्व लेखन बंद ठेवायला सांगितले होते, दुसऱ्याला मनात येईल तेव्हा लिहायला, आणि तिसऱ्याला रोज ठरावीक लेखन करणे भाग पाडले होते. तिसऱ्या गटाने पाने अधिक लिहिली यात नवल नाही, पण नव्या कल्पनाही त्याच गटाला सर्वाधिक सुचल्या. सुचण्याची वाट पाहणाऱ्यांना कमी सुचले आणि न लिहिणाऱ्यांना त्याहूनही कमी. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की, आठवडाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज छोटी बैठक करावी, ती वेळेवर थांबवावी आणि उरलेल्या दिवसात अपराधी न वाटता दुसरे काहीतरी करावे. बॉइसचाही भर छोट्या आणि नियमित बैठकांवरच होता. बारा तास टेबलाला चिकटून अकरा तास स्वतःला शिव्या देणे, हे लेखन नाही आणि विश्रांतीही नाही.

भोंगा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. फर्मा यांच्या सल्ल्याप्रमाणे पूर्वार्ध संपादकांना पाठवला आणि उत्तरार्ध अडला आहे हे स्पष्ट कळवले. त्यांनी माझा लेख शेवटच्या फर्म्यात ठेवण्याचे मान्य केले, मात्र शब्दसंख्या वाढणार नाही असे वचन घेतले.

अपुरे प्रकरण यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की विषय मुरलेला आहे. अडले आहे ते संपापाशी. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि लेखात ती तारीख आली की पुढचे सगळे तिच्या ताब्यात जाते. कामगार, मालक, सरकार, युनियन यांच्याबद्दल इतके लिहून झालेले आहे की माझी खाणावळवाली मागे कुठेतरी परात धुवत उभी राहते. मी लिहितो ते अहवालासारखे का वाटते, हे आता लक्षात येते आहे: ती वाक्ये मी पूर्वी दहा ठिकाणी वाचलेली आहेत.

वेताळटेकडी आणि प्रबंधग्रस्त यांच्या मतांत मला वाटला तेवढा विरोध नाही, असे वाटू लागले आहे. म्हणून उत्तरार्धाचा मसुदा न उघडता सकाळी थोडा वेळ केवळ मुलाखतींच्या वह्या वाचायच्या, नंतर रेतीबंदराच्या बाजूला चालायला जायचे आणि जाताना एकच प्रश्न बरोबर न्यायचा, असे ठरवले आहे. मी आता डोंबिवलीत राहतो म्हणून हे शक्य आहे. गणपतीत लालबागेत राहून शांतपणे चालायला जा, असे कोणी म्हणाले असते तर मी हा धागाच बंद केला असता. दोन पाळ्या यांनी विचारलेला प्रश्न मुलाखतींत मी विचारलेला नाही, त्यासाठी एका आत्यांना फोन करणार आहे.

रोजचा भाग

त्या फोनचे ध्वनिमुद्रण करा, अर्थात त्यांच्या परवानगीने. आणि फोन संपल्याबरोबर, वही न उघडता, आत्या काय म्हणाल्या ते घरातल्या कोणाला तरी सांगा. सांगताना तुम्ही ज्या गोष्टीने सुरुवात कराल ती तुमच्या उत्तरार्धाची सुरुवात असण्याचा संभव पुष्कळ आहे. पटकथेच्या बैठकीत आम्ही हेच करतो. कागद दूर ठेवून गोष्ट सांगायला लावतो, आणि सांगणारा जिथे अडखळतो तिथेच पटकथेत भोक असते.

अपुरे प्रकरण

धागाकर्त्यांना कदाचित माहीत असेल, तरी कालक्रमाकडे लक्ष वेधतो. प्रेमाताई पुरव यांनी खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते १९७५ साली, म्हणजे संपाच्या सात वर्षे आधी. सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घेऊन किराणा भरणाऱ्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देणे, हे त्या कामाचे मूळ होते. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या या बाईंनी पुढे त्यातून केवढा व्याप उभा केला, तो सर्वांना माहीत आहे. उत्तरार्धाची सुरुवात १९८२ पासूनच झाली पाहिजे असे कोणी सांगितले आहे?

भोंगा (धागाकर्ता)

उत्तरार्ध काल पाठवला. इथे बऱ्याच जणांनी वेळ दिला म्हणून काय झाले ते थोडक्यात लिहितो.

मी बरोबर नेलेला प्रश्न असा होता: संप सुरू झाल्यावर खाणावळीतली पहिली कोणती गोष्ट बदलली? पहिल्या दिवशी चालताना काही सुचले नाही, दुसऱ्या दिवशी भलत्याच विषयाचे विचार आले. आत्यांच्या फोनमध्ये मात्र उत्तर सरळ पडलेले होते. पगार बंद झाल्यावर माणसे आधी उधारीवर जेवली, मग एकेक करून गावी निघून गेली, आणि वहीतली नावे तशीच राहिली. ही गोष्ट माझ्या जुन्या मुलाखतींतही दोघींनी सांगितली होती, पण संपाच्या राजकारणाच्या टिपणांखाली ती दबून गेली होती. आता उत्तरार्ध सावकाराच्या व्याजापासून आणि १९७५ च्या कर्जापासून सुरू होतो, आणि संप लेखात येतो तो उधारीच्या वहीतून. अडीच लाखांचा आकडा एका वाक्यात आटोपला. मसुदा लिहायला बसलो तेव्हा फार खोडाखोड करावी लागली नाही. हे चालण्यामुळे झाले, फोनमुळे झाले की मसुदा काही दिवस न उघडल्यामुळे, ते मला वेगळे करून सांगता येणार नाही, आणि वेताळटेकडी यांच्या क्षेत्रातही या गोष्टी इतक्या स्वच्छ वेगळ्या करणे कठीणच असावे.

दोन पाळ्या यांच्यासाठी: आत्यांना विश्रांतीबद्दल विचारले. पहिली पाळी जेवून गेल्यावर दुसऱ्या पाळीचे पीठ मळेपर्यंत मध्ये थोडा वेळ मिळायचा, आणि त्या वेळात त्या हिशेब लिहीत. तो परिच्छेद तुमच्या प्रश्नामुळे लेखात आला आहे.

दोन पाळ्या

लेख वाचायला आवडेल. त्या हिशेबाच्या वह्या कोणाकडे राहिल्या असतील तर त्यांचे एखादे पान छापण्याचा प्रयत्न जरूर करा.

फर्मा

वहीचे पान मिळाले तर संपादकांना आजच्या आज कळवा, कारण शेवटच्या फर्म्यातही चित्रासाठी जागा सोडावी लागते. छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, त्यात ते आकसते आणि छपाईत अक्षरे फुटतात. स्कॅन करून मूळ फाइल ईमेलने पाठवा. वहीत उधारी राहिलेल्यांची नावे दिसत असतील तर ती झाकून घ्या, त्यांची नातवंडे अजून त्याच चाळींत राहत असतील. आणि मुद्रिते तपासायला आली की ती त्याच दिवशी परत करा. तिथे मात्र विश्रांतीला अजिबात वाव नाही.